लहान धर्मग्रामात आगमनकाळ: प्रार्थना आणि दान वेगळं पडू नये म्हणून काय करता येईल

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. वसईहून नोकरीसाठी सोलापूरला आलात, मिसेस नर्स आहेत, दोन लेकरं आहेत, आणि फादरांनी यंदा आगमनकाळाची, म्हणजे नाताळच्या आधीच्या वाट बघण्याच्या आठवड्यांची, जबाबदारी तुमच्याकडे दिलीय. वसईत चर्च भरून वाहायचं, इथल्या धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत, मोजकी घरं आणि त्यात कोण मराठी, कोण तेलुगू, कोण तमिळ, कोण मल्याळी. गेल्या वर्षी तुम्ही सगळ्यांनी मिळून ब्लँकेटं वाटली, प्रार्थनाही झाल्या, फोटो ग्रुपवर आले, तरी मन भरलं नाही असं तुम्ही लिहिलंय, आणि यंदा काय वेगळं करायचं असं विचारलंय.

मी इथं बरीच वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेते आणि आगमनकाळातल्या मदतीचं काम बघते, त्यातून जे कळलं ते सांगते. मला वाटतं कार्यक्रम कमी पडले म्हणून मन भरलं नाही असं नाहीये. बहुतेक ठिकाणी होतं काय, की प्रार्थना एका बाजूला चालते, ती उपासनेची तयारी करणारी लिटर्जी कमिटी बघते, आणि दान दुसऱ्या बाजूला चालतं, ते तरुण मंडळ बघतं, आणि दोघांची गाठ चोवीस तारखेपर्यंत पडतच नाही. ज्यांच्यासाठी आपण देणार त्यांचं नाव आपल्या प्रार्थनेत कधी आलेलं नसतं, आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना केली त्यांच्या दारात आपण कधी गेलेलो नसतो. ही दोन कामं एकाच माणसांभोवती आणली की बाकीचं आपोआप जागेवर येतं असा माझा अनुभव आहे, आणि खाली जे काही लिहिलंय ते सगळं त्याचसाठी आहे.

आता आधी काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते बोलू. फादर किती मोकळीक देतात हे पहिलं, कारण चर्चमध्ये काय होणार हे त्यांच्याच हातात असतं आणि असायलाच हवं, तुम्ही घराघरातलं आणि मदतीचं बघा. दुसरं म्हणजे तुमच्याकडे माणसं नक्की कधी असतात. सोलापूरची ही मोठी अडचण आहे की इथं नोकरीसाठी आलेली कितीतरी कुटुंबं शाळेला सुट्टी लागली की गावी जातात, गोव्याला, केरळला, तुमच्यासारखी वसईला, त्यामुळे मोठं जे काही करायचं ते तिसऱ्या रविवारच्या सुमारास उरकायचं. चोवीस तारखेवर ठेवलं तर हात कमी पडतात. तिसरं, ड्युट्या. रेल्वेतली माणसं, हॉस्पिटलातल्या नर्सेस, यांना रोज संध्याकाळी सातला चर्चमध्ये या म्हणून काही उपयोग नाही, हे तर तुम्हाला घरातच माहीत आहे.

आणि कॅलेंडर बघून घ्या हो. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीही येतो, म्हणून हा काळ कधी २८ दिवसांचा असतो आणि कधी २२ दिवसांचाच. २०२३ साली चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आला होता, म्हणजे सकाळी चौथी मेणबत्ती आणि त्याच रात्री नाताळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. 'चार आठवडे आहेत' असं धरून चाललात की शेवटचा आठवडा हातातून निसटतो.

घरापासून सुरुवात करा. प्रत्येक घरात एक आगमनमाळ, म्हणजे ज्याला आपण अ‍ॅडव्हेंट रीथ म्हणतो ते. विकतचं प्लास्टिकचं अजिबात नको. घरातली एखादी जुनी पितळी परात किंवा ताट घ्या, त्यात ओली वाळू भरा, भोवती सुरूच्या नाहीतर अशोकाच्या डहाळ्या खोचा, वाळू ओली ठेवली की पानं आठवडाभर तरी टिकतात, मग बदलायची. जांभळ्या मेणबत्त्या नवी पेठेत मिळाल्या तर उत्तम, नाही मिळाल्या तर साध्या पांढऱ्या चार घ्या, तिघींना जांभळी रिबीन आणि एकीला गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाच्या रविवारची. मधे पाचवी पांढरी ती नाताळच्या रात्रीची. लेकरांना या माळेची गोष्ट जरूर सांगा. १८३९ साली जर्मनीत हांबुर्गला योहान हिनरिक विखेर्न नावाचे एक लूथरन पाळक गरीब, बेवारस मुलांसाठी आश्रम चालवायचे, ती मुलं सारखी विचारायची की नाताळ कधी येणार, म्हणून त्यांनी लाकडी चाकावर रोजची एक लहान आणि रविवारची एक मोठी अशा मेणबत्त्या लावल्या. पुढे ती प्रथा कॅथलिक घरांमध्येही आली. म्हणजे ज्या माळेसमोर आपण प्रार्थना करतो ती निघालीच मुळी गरीब पोरांच्या घरातून. हे मुलांना सांगितलं की दान वेगळं समजवावं लागत नाही.

रोजची प्रार्थना दहा मिनिटांच्या वर नेऊ नका. जेवण झालं की ट्यूबलाइट बंद, घरातल्या सगळ्यात लहानाने मेणबत्ती पेटवायची, मोठ्याने शुभवर्तमानाचा त्या रविवारचा उतारा वाचायचा, आठवडाभर तोच उतारा चालतो, उलट रोज ऐकला की लेकरांना पाठ होतो. मग आमच्या स्वर्गीय बापाची प्रार्थना, एक नमो मरिया, आणि मग नावं. ही नावं हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते.

पहिल्या रविवारी मिस्सा संपल्यावर प्रत्येक कुटुंबाला एक चिठ्ठी द्या. चिठ्ठीवर एका घराची नाहीतर एका माणसाची ओळख लिहिलेली असावी, अशी की लाज वाटेल असं काही त्यात नसेल पण माणूस डोळ्यासमोर येईल. 'दोन्ही मुलं परगावी आणि गुडघ्यामुळे चर्चला येता न येणाऱ्या आजी.' 'विडी घरकुलमधली एक आई, विड्या वळून दोन मुलींना शिकवते.' 'सिव्हिलमध्ये डायलिसिसला येणारे एक काका.' आपल्या माणसांच्या बाबतीत त्यांना आधी विचारूनच नाव घाला, बाहेरच्यांच्या बाबतीत नाव नाही टाकलं तरी चालतं, देवाला नाव माहीत आहे. मग तिसऱ्या रविवारपर्यंत त्या घराने रोज रात्री त्या एका माणसासाठी प्रार्थना करायची. अजून द्यायचं काहीच नाही. रोज त्याचं नाव घेतलं की दुसऱ्या आठवड्यात माणसं आपणहून विचारायला लागतात, की ताई त्या आजींना खायला चालतं काय, त्या मुलींची परीक्षा कधी आहे, काकांबरोबर कोण येतं. हा प्रश्न आला की समजा काम झालं. कारण आता ते जे देतील ते त्या माणसासाठी असेल, दुकानात स्वस्त मिळालं म्हणून घेतलेलं नसेल.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. घरात ज्याने त्याने आपल्या भाषेत प्रार्थना करावी, तेलुगू घरात तेलुगूत, तमिळ घरात तमिळमध्ये. एकत्र येतो तेव्हा फादरांना विचारून विनंती-प्रार्थना वाटून घ्या, एक मराठीत, एक तेलुगूत, एक मल्याळममध्ये, उत्तर मात्र सगळ्यांचं एकच मराठीत. पद्मशाली मोहल्ल्यांमुळे सोलापूरच्या कानाला तेलुगू नवीन नाही, कन्नड तर बाजारात रोज ऐकतो, तेव्हा इथं हे कुणाला परकं वाटत नाही.

चर्चच्या सजावटीबद्दल तुम्ही विचारलंय की पहिल्या रविवारपासूनच लाइटिंग करावी का. मी म्हणेन नको. आगमनकाळात वेदीवरची फुलं आणि वाद्यं बेताची ठेवावीत असं मिस्साविधीच्या नियमांतच आहे, रविवारच्या मिस्सेत ग्लोरिया, म्हणजे देवाच्या गौरवाचं गीत, पण आपण म्हणत नाही, तो थेट नाताळच्या रात्री घंटांसोबत परत येतो. ही रिकामी जागा ठेवलेली असते ती वाट बघण्यासाठी. एक तारखेपासूनच सगळं झगमगलं तर लेकरांना वाट बघायला काही उरतच नाही. पापनिवेदनाचं मात्र वेळेवर फादरांशी बोला. वीस तारखेनंतर रांग लागते आणि गडबडीत उरकलं जातं, दुसऱ्या आठवड्यात एक संध्याकाळ ठरवून घेतली की ड्युटीवालेही येऊ शकतात.

आता पैशाचं. वर्गणीची यादी करू नका आणि कुणी किती दिले हे वाचून तर दाखवूच नका. आम्ही जांभळे लिफाफे करतो. पहिल्या रविवारी प्रत्येक घराला एक रिकामा लिफाफा मिळतो, वर नाव नाही, नंबर नाही. घरात ठरवायचं की या आठवड्यात काय सोडायचं, बाहेरचं एक खाणं, एक सिनेमा, नवीन ड्रेसमधला एखादा, आणि ते पैसे लिफाफ्यात. तिसऱ्या रविवारी अर्पणाच्या वेळी सगळ्यांनी लिफाफा परत आणायचा, आणि नियम एकच, लिफाफा रिकामा असला तरी बंद करून आणायचा. यामुळे ज्यांच्याकडे खरंच काही नाही ते घरसुद्धा रांगेत मान वर करून येतं. मोजायला दोन माणसं, त्यातला एक तुमच्या कमिटीच्या बाहेरचा. सगळा पैसा धर्मग्रामाच्या खात्यातून आणि पावतीनेच, कुणाच्या खिशातून किंवा कुणाच्या मोबाइलवर नको. नंतर नोटीस बोर्डावर जमा किती, खर्च कशावर, शिल्लक किती एवढ्याच तीन ओळी. नावं नाहीत. ६ डिसेंबरला संत निकोलसचा सण येतो, मायरा शहराचे बिशप, हुंड्यावाचून अडलेल्या तीन बहिणींच्या घरात रात्री गुपचूप सोन्याच्या पुरचुंड्या टाकल्याची त्यांची गोष्ट सांगतात, तो दिवस मुलांना हे समजवायला फार चांगला. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये हे येशूने सांगितलं तेच त्यांनी केलं.

कॅरल सिंगिंगचा पैसाही आधीच ठरवा. तो मंडळाच्या सहलीला वापरायचा असेल तर तसं सांगा, मदतीला जाणार असेल तर दारात उभं राहूनच सांगा की कशासाठी. दोन्ही चालतं, पण एक सांगून दुसरं केलेलं लोकांच्या लक्षात राहतं.

द्यायचं कुणाला आणि काय, इथं सगळ्यात जास्त विचार लागतो. तुमच्या ब्लँकेटांचं वाईट वाटून घेऊ नका, थंडीत पांघरूण लागतंच. पण स्टेशनसमोर आणि मंदिरांबाहेर डिसेंबरमध्ये बरेच जण ब्लँकेटं वाटतात, एकाच माणसाकडे तीन होतात आणि दहा पावलांवरच्या बाईकडे एकही नसतं. म्हणून आधी जाऊन विचारायचं. सामान न घेता जायचं, हात रिकामे ठेवून, नाहीतर माणसं जे हातात दिसतं तेच मागतात.

आपल्या जिल्ह्यात तर डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. पंढरपूर, माळशिरस, माढा, करमाळा, जिकडे जाल तिकडे साखर कारखाने, आणि बीड, धाराशिवकडून आलेली कुटुंबं शेताच्या कडेला कोप्या घालून राहिलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली, त्यामुळे आजारी पडलं तरी सुट्टी नाही, पहाटे अंधारात फडात जायचं आणि लेकरं कोपीतच. आम्ही एकदा अशाच एका टोळीकडे विचारायला गेलो होतो. एका बाईंच्या मांडीवर तान्हं बाळ होतं, त्याला त्यांनी स्वतःच्या पदरात गुंडाळलेलं, मला वाटलं आता त्या पांघरूणच मागणार. त्या म्हणाल्या, "पांघरायला हाय बाई, उजेडाला काय न्हाई. रातीला लेकरू रडलं तर त्याला काय चावलं का काय ते बी दिसंना." आम्ही सोलरवर चालणारे दिवे नेले, सोबत बाळांच्या कानटोप्या, मोजे, पाण्याचे झाकणवाले कॅन, अंगदुखीचा बाम, आणि बायकांनी सिस्टरांजवळ हळूच सांगितलं म्हणून सॅनिटरी पॅड्स. यातलं एकही आमच्या मूळ यादीत नव्हतं. नाताळच्या रात्रीच्या मिस्सेत यशयाचं वाचन असतं ना, अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला, ते त्या वर्षी वाचताना आमच्या लेक्टर मुलीचा आवाज भरून आला, कारण ती दिवे द्यायला आमच्याबरोबर होती.

अशा ठिकाणी थेट गाडी घेऊन जाऊ नका. आधी मुकादमाशी, गावच्या आशाताईंशी नाहीतर झेडपी शाळेच्या गुरुजींशी बोला, कुठे किती कोप्या, किती लहान मुलं हे त्यांना बरोबर माहीत असतं. जायचं ते दुपारनंतर किंवा संध्याकाळी, सकाळी कोपीत म्हातारी माणसं आणि लेकरंच असतात.

लांब जाणं जमणार नसेल तर सिव्हिल हॉस्पिटल आहे. धाराशिव, कलबुर्गीकडून पेशंट येतात, पेशंटला जेवण मिळतं पण बरोबर आलेल्या माणसाचे हाल असतात. तिथे केक नेऊ नका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली तर ती दोन दिवस खराब होत नाही, उशाला ठेवून भूक लागेल तेव्हा खाता येते. हॉस्पिटलची परवानगी आधी घ्या, आणि तुमच्या मिसेसना विचारा, वॉर्डबाहेर रात्री काय कमी पडतं हे नर्सला जेवढं माहीत असतं तेवढं कुणालाच नसतं.

आणि पांघरूणच द्यायचं ठरलं तर सोलापुरात बसून बाहेरचं पातळ ब्लँकेट कशाला घ्यायचं? अक्कलकोट रोड एमआयडीसीत जाऊन कारखान्यातून जॅकार्डची सुती चादर घ्या. महाग पडते हे खरं आहे, शंभराच्या जागी चाळीस येतील, पण ती धुऊन धुऊन वर्षानुवर्षं टिकते आणि इथल्याच यंत्रमाग कामगाराला काम मिळतं. सोलापुरी म्हणून बाजारात विकलं जाणारं सगळं सोलापूरचं नसतं, तेव्हा खात्रीच्या ठिकाणी घ्या. कमी माणसांना द्या पण चांगलं द्या, असं माझं स्पष्ट मत आहे, यावर आमच्या इथेही मतभेद आहेत आणि ज्यांना जास्त लोकांपर्यंत पोचायचं असतं त्यांचंही म्हणणं चुकीचं नाही. जुन्या कपड्यांच्या बाबतीत मात्र मी ऐकत नाही. स्नानसंस्कार देणारा योहान लूकच्या तिसऱ्या अध्यायात म्हणतो, ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने ज्याच्याकडे नाही त्याला द्यावा. दोनातला एक, म्हणजे आपण अजून घालतोय त्यातला. चेन तुटलेला स्वेटर देऊन हे वचन पूर्ण होत नाही.

एक गोष्ट नाजूक आहे पण बोलायलाच हवी. आपण बहुतेक वेळा ज्यांना देणार ते ख्रिस्ती नसतात. तिथे पुस्तिका नाही, बॅनर नाही, येशूच्या नावाने घोषणा नाही, 'आमच्या चर्चला या' नाही. कुणी काय म्हणेल याची भीती आहे म्हणून मी हे सांगत नाहीये. पोप बेनेडिक्ट सोळावे यांचं पहिलं परिपत्रक २५ डिसेंबर २००५ ला, ऐन नाताळच्या दिवशी सही झालेलं आहे, त्यात त्यांनी साफ लिहिलंय की प्रेम हे फुकट असतं, आणि दुसरं काही साधण्यासाठी ते वापरायचं नसतं. कुणी विचारलं की तुम्ही कोण, तर सांगायचं, आम्ही चर्चची माणसं आहोत, आमचा नाताळ आहे. एवढं पुरतं. आणि फोटो तर नकोच. देतानाचा फोटो म्हणजे घेणाऱ्याच्या गरजेचा फोटो. रेकॉर्डला हवा असेल तर बांधून ठेवलेल्या सामानाचा काढा.

बाहेरच्यांचं करताना आपल्यातली माणसं राहून जातात, तिकडेही बघा. आपल्या कम्युनिटीतलं गरीब घर सगळ्यांना माहीत असतं आणि तिथे सगळ्यांसमोर पिशवी पोचवली तर त्या माणसाला पुढच्या रविवारी चर्चला येणं जड जातं. तिथे फादरांनी किंवा एकाच माणसाने जायचं, शाळेची फी परस्पर भरायची, किराणा दुकानात परस्पर पैसे द्यायचे. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेची शाखा तुमच्या जवळपास असेल तर त्यांचं ऐका, १८३३ पासून त्यांची पद्धतच अशी आहे की घरी जाऊन भेटायचं, बसायचं आणि गुप्तता पाळायची. ज्या घरात वर्षभरात कुणी देवाघरी गेलंय त्या घरी नाताळचं गोडधोड होत नाही, तिथे करंज्यांचा डबा पोचवण्यापेक्षा आगमनकाळातल्या एका संध्याकाळी चार जणांनी जाऊन रोझरी म्हटलेली जास्त बरी वाटते. झोपून असलेल्या म्हाताऱ्यांना घरी कम्युनियन पोचतंय ना हे फादरांशी बोलून घ्या. आणि नाताळला एकटी राहणारी माणसं, हॉस्टेलवर राहिलेली नर्सिंगची पोरं, ज्यांना सुट्टी मिळाली नाही असे रेल्वेवाले, त्यांना पंचवीसला दुपारी जेवायला कोण बोलावणार हे पण आधी ठरवा.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर पहिला रविवार चिठ्ठी आणि लिफाफा, दुसऱ्या आठवड्यात जाऊन विचारणं आणि पापनिवेदन, तिसऱ्या रविवारी लिफाफे परत, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत खरेदी आणि पोचवणं.

मग १७ डिसेंबर येतो. तिथून २३ पर्यंतचे सात दिवस फार सुंदर आहेत आणि आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीतच नाहीत. संध्याकाळच्या प्रार्थनेत मरियेच्या गीताच्या आधी सात दिवस सात नावांनी ख्रिस्ताला हाक मारतात, फार जुनी परंपरा आहे. हे ज्ञानस्वरूपा, हे प्रभो, हे इशायाच्या अंकुरा, हे दाविदाच्या किल्ल्या, हे उगवत्या प्रकाशा, हे राष्ट्रांच्या राजा, आणि शेवटी हे इम्मानुएला. जी माणसं गावी गेली नाहीत त्यांना घेऊन रोज एका घरी पंधरा मिनिटं हे करता येतं. प्रत्येक हाकेला एक माणसांचा गट जोडा. ज्ञानस्वरूपाच्या दिवशी शाळा अर्ध्यावर सुटलेली मुलं. किल्लीच्या दिवशी तुरुंगात असलेले आणि दारूत अडकलेले, त्यांच्या घरच्यांसकट. उगवत्या प्रकाशाची हाक २१ तारखेला येते, वर्षातला सगळ्यात लहान दिवस त्याच सुमाराला असतो, त्या दिवशी आजारी माणसं आणि रात्रपाळीवाले. राष्ट्रांच्या राजाच्या दिवशी पोटासाठी घर सोडून आलेले सगळे, त्यात ऊसतोडीवालेही आले आणि तुम्हीसुद्धा आलात. या दिवसांत नवीन काही वाटायचं नाही. ज्यांना देऊन झालंय त्यांच्यासाठी प्रार्थना चालू ठेवायची, नाहीतर पिशवी पोचली की माणूस यादीतून गेला असं होतं.

गोठा करायला तरुणांना द्या, ते आवडीने करतात. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी पहिला गोठा केला तेव्हा गव्हाण, गवत, खरा बैल, खरं गाढव एवढंच होतं, थर्माकोल आणि कारंजी आपण नंतर आणली. आपल्याकडे कडबा आहे. एक पेंडी आणा, धाटं कोयत्याने वीतभर तोडून टोपलीत ठेवा आणि गव्हाण रिकामी ठेवा. मुलांनी कुणासाठी काही चांगलं केलं, भांडण मिटवलं, डबा वाटून खाल्ला, की एक धाट उचलून गव्हाणीत टाकायचं, कुणी विचारायचं नाही काय केलं म्हणून. मोठी माणसंही हळूच टाकून जातात, मी बघितलंय. बाळ येशूची मूर्ती रात्रीच्या मिस्सेतच त्या कडब्यावर ठेवायची, आणि ठेवणारा कोण याचा मान एखाद्या देणगीदाराला देऊ नका, धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या सगळ्यात लहान मुलाला द्या.

पंचवीसला संपत नाही हेही लक्षात ठेवा. नाताळचा अष्टक, म्हणजे आठ दिवसांचा सण, १ जानेवारीपर्यंत आणि नाताळकाळ प्रभूच्या स्नानसंस्काराच्या सणापर्यंत चालतो. गावी गेलेली माणसं तोपर्यंत परत आलेली असतात. ऊसतोडीचा हंगाम तर पुढे मार्चपर्यंत असतो आणि जानेवारीत वाटणारं कुणी नसतं, थंडी मात्र असते. म्हणून लिफाफ्यातल्या पैशातला काही भाग बाजूला ठेवा, आणि जानेवारीत त्याच कोप्यांवर, त्याच आजींकडे एकदा परत जा, सामान नसलं तरी चालेल. त्याच सुमाराला सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा आणि संक्रांत असते, शेजारी आपल्याला तीळगूळ आणून देतात, आपण नाताळचा फराळ दिलेला असतोच, तेव्हा ओळखी वाढवायलाही तो काळ चांगला.

पहिल्या वर्षी यातलं सगळं करायला जाऊ नका. घरची माळ, चिठ्ठ्या आणि लिफाफे एवढं यंदा पुरे, कोप्यांवर जायचं असेल तर एकच टोळी धरा. सात दिवसांच्या हाका तुमच्या घरी चार माणसांत सुरू करा, फादरांना आवडलं तर पुढच्या वर्षी चर्चमध्ये येतील. तुमच्याकडे साधारण किती घरं आहेत आणि त्यातली वीस तारखेनंतर किती राहतात तेवढं लिहून कळवा, त्याप्रमाणे चिठ्ठ्या किती करायच्या आणि लिफाफ्यावर काय छापायचं ते मी सांगते, आमचा मजकूर तयार आहे, तेलुगूतला पण आहे.